शांतपणाची अट

"आपण सध्या तणावाखाली आहात असे दिसते. आपल्या सुरक्षिततेसाठी फाईल बंद ठेवण्यात येत आहे. थोडी विश्रांती घ्या, पाणी प्या आणि उद्या पुन्हा प्रयत्न करा."

अक्षरांखाली एक गुलाबी कमळ उमललं आणि मिटलं. हर्षाली तारीने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला. ती तो समोरच्या खळ्यात, अंगणात, भिरकावणारच होती, पण लॅपटॉप बचत गटाचा होता. म्हणून तिने तो जपून खाली ठेवला आणि शेजारचा भरलेला तांब्या भिरकावला. तांब्या माडाच्या बुंध्यावर आपटला आणि कोंबड्या फडफडत पळाल्या.

"पाणी प्या म्हणे!" ती पडद्यावर ओरडली. "तुझ्या तोंडार वततंय पाणी!"

कमळ पुन्हा उमललं. ते दर दहा सेकंदांनी उमलायचं, कोणी काहीही म्हणो.

गौरेशला, तिच्या नवऱ्याला, जाऊन महिना होत आला होता. निवेबंदरासमोरच्या समुद्रात 'पवनसागर' कंपनीने पवनचक्क्या उभ्या केल्या, तेव्हापासून तो तिथे पाणबुड्या होता. चक्क्यांच्या पायांना चिकटलेली कालवं खरवडायची, तारा तपासायच्या, असं काम. वरच्या बोटीतून नळीने हवा यायची आणि त्याच नळीबरोबरच्या तारेने बोलणं व्हायचं. एका सकाळी तो गेला आणि दुपारी त्याला चादरीत आणलं. कंपनीचा अहवाल एका पानाचा होता. पाणबुडा घाबरला, गांगरला, आणि त्याने स्वतःच हवेची नळी सोडली, असं त्यात लिहिलं होतं.

गौरेश घाबरला? लग्नात मांडवाला आग लागली तेव्हा सगळं वऱ्हाड बोंबलत पळत होतं. हा मुंडावळ्या वर करून म्हणाला होता, आधी जेवणाची भांडी बाहेर काढा. तो माणूस पाण्याखाली गांगरला, असं कंपनीने लिहावं आणि गावाने मान डोलवावी! शेजारपाजारचे तर आता 'सकाळीच घेतली असेल' इथपर्यंत पोचले होते. हर्षालीच्या अंगाचा तिळपापड व्हायला एवढं पुरेसं होतं.

त्याच्या शिरस्त्राणावर कॅमेरा होता. कायद्याने ते चित्रण वारसाला द्यावंच लागतं. वारसाने ते पाहून शनिवारी संध्याकाळपर्यंत हरकत घेतली, तर बाहेरच्या माणसांकडून चौकशी होणार होती. नाही घेतली, तर अहवालावर शिक्का बसणार आणि गौरेश तारी कायमचा भित्रा ठरणार. कंपनीने चित्रण दिलंही होतं. 'सुपूर्द'वरून, पूर्ण सुरक्षितपणे.

'सुपूर्द' तोवर सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. फाईल पाठवायची तर त्या संकेतस्थळावर चढवायची. पाठवणाऱ्याच्याच यंत्रात तिचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला कुलूप लागतं, आणि मधल्या कोणालाही, खुद्द 'सुपूर्द'वाल्यांनाही, ती वाचता येत नाही. इथपर्यंत जुनीच विद्या. नवीन होती ती किल्ली. किल्लीचा अर्धा भाग घेणाऱ्याच्या चेहऱ्यापासून तयार व्हायचा. काळजाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्यावर रक्ताची एक पुसट लाट येते. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. त्यावरून यंत्र ठोके मोजतं, श्वास मोजतं, आणि माणूस जिवंत आहे, तोच आहे, स्वस्थ आहे, एवढं पटलं तरच किल्ली पुरी होते.

स्वस्थपणाची अट आली ती चांगल्या हेतूने. गळ्याला सुरी लावून म्हाताऱ्यांकडून बँकेच्या फायली उघडून घेणाऱ्या टोळ्या माजल्या होत्या. म्हणून यंत्राला शिकवलं, की माणूस धाकात असेल तर कुलूप काढू नकोस. जवळ दुसरा चेहरा दिसला, 'उघड, दाखव' असा दरडावणीचा आवाज आला, डोळ्यांत औषधाची झापड दिसली, तरी काढू नकोस. सगळं उत्तम. फक्त भीती आणि संताप या दोन्हींत रक्त सारखंच उसळतं, आणि यंत्राला त्यातला फरक कळत नाही. ते बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. त्यांनी अट किती कडक ठेवायची हे पाठवणाऱ्यावर सोपवलं आणि हात झटकले.

आता पाठवणाऱ्यालाच फाईल उघडायला नको असेल तर? 'पवनसागर'ने अट सगळ्यात कडक पायरीवर नेऊन ठेवली होती. कारण दिलं होतं, नातेवाईकांच्या मनःस्वास्थ्याची काळजी. म्हणजे ज्याला राग नाही त्यानेच बघावं, आणि ज्याला राग नाही तो हरकत कशाला घेईल?

*

बुधवारी ती तालुक्याच्या कामगार कार्यालयात गेली. खिडकीमागच्या माणसाने तिचं नाव टाकलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. नावापुढे हिरवी खूण होती.

"सुपूर्द झालंय," तो म्हणाला. "मिळालीय की तुम्हाला."

"मिळाली हा, पण उघडणा नाय."

"ते तुमच्या बाजूने आहे ना. फाईलमध्ये दोष नाही."

"म्हणजे दोष माझ्यात?"

"मी तसं कुठे म्हटलं? जरा शांत डोक्याने बसा, उघडेल." त्याने मागच्या माणसाला हाताने पुढे बोलावलं. "आमच्याकडे नोंद 'दिली' अशी आहे. तुम्ही बघितली की नाही याचा रकानाच नाही."

परत येताना रिक्षात ती दातओठ खात बसली होती. घरी आल्या आल्या तिने बसून प्रयत्न केला आणि अर्थातच कमळ उमललं. दिवसाला एकच प्रयत्न मिळायचा. दुसऱ्या कोणाला पाठवायची सोय नव्हती, आणि दुसऱ्या फोनने पडदा टिपावा तर नुसत्या पट्ट्या यायच्या.

गुरुवारी शेजारच्या सुलूकाकीने झोपेची अर्धी गोळी दिली. गोळीने डोकं जड झालं आणि जीभ लुळी पडली. "आपण औषधाच्या अमलाखाली आहात असे दिसते," यंत्र म्हणालं. त्या दिवशी तिला नीट चिडताही आलं नाही, आणि त्याचाच राग तिला गोळी उतरल्यावर आला.

तेवढ्यात कंपनीच्या कुटुंब-संवाद अधिकारी अन्विता देवधर यांचा फोन आला. या बाईंचा आवाज साखरेच्या पाकातून काढल्यासारखा होता.

"हर्षालीताई, कशा आहात? फाईल पाहता आली का?"

"तुमका म्हायत नाय?"

"आम्हाला दिसत नाही हो, हीच तर यातली सुरक्षितता आहे. त्यात 'सराव' म्हणून एक सोय आहे. फाईल न उघडता बसायचं, वर्तुळ हिरवं झालं की समजायचं, मन तयार झालं. तो प्रयत्न मोजत नाहीत. आणि एक सुचवू? नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका. किनाऱ्यावरच्या इतर कुटुंबांनीही शांतपणे स्वीकारलंय. जुनं उकरून कोणाचं भलं झालंय?"

"जुनां? महिनो झालो नाय अजून!"

"बघा, पुन्हा चिडलात."

हर्षालीने फोन बंद केला. इतर कुटुंबं! म्हणजे असे बाकीचेही होते. त्यांनी स्वीकारलं होतं, की त्यांचीही कमळंच उमलत होती?

*

शुक्रवारचा प्रयत्न पहाटेच वाया गेला होता, म्हणून सकाळपासून ती पडवीत सराव लावून बसली होती. वर्तुळ लालच्या लाल. श्वास मोजून झाले, तुळशीला फेऱ्या झाल्या, डोळे मिटून झाले. डोळे मिटले की तिला ती चादर दिसे आणि वर्तुळ आणखी लाल होई.

आबा, तिचे सासरे, बाकावर बसून जाळ्याची भोकं सांधत होते. मुलगा गेल्यापासून ते असेच होते. जाळं सांधायचं, जेवायचं, जाळं सांधायचं. ते हळूच म्हणाले, "जावंदे गो बाये. शांत हो. गेलो तो काय परत येतलो?"

हे मात्र फार झालं. जगात कोणीही म्हणावं, आबांनी म्हणू नये. ती गर्रकन त्यांच्याकडे वळली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या लॅपटॉपचा कॅमेरा तिच्याकडेच तोंड करून होता, पण तिकडे आता कोणाचं लक्ष नव्हतं.

"तुमी सांगतास शांत हो? आबा, ह्या बंदरार गाऱ्हाणां कोण घालता? तुमी! कोणाची होडी फुटली, कोणाची म्हस हरावली, कोणाची सून नांदाक तयार नाय, सगळ्यांसाठी तुमी देवाकडे भांडलास. आणि स्वताचो झील गेलो, तेचा नाव घालवल्यानी, तर तुमच्या तोंडातसून एक शब्द नाय?"

ते खरं होतं. धक्क्यावरच्या देवाच्या घुमटीपुढे उभं राहून गाऱ्हाणं घालण्याचा मान तारींच्या घराचा. एकाने सावकाश, लांब वाक्यांत देवाला सगळं सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. आबांनी ते आयुष्यभर केलं होतं. पण त्याला एक कडक नेम होता, की घालणाऱ्याने स्वतःच्या घरचं गाऱ्हाणं घालायचं नाही आणि त्याला 'व्हय म्हाराजा'ही म्हणायचं नाही. नाहीतर ज्याच्या तोंडी देव, तो सगळं आपल्याच घरात ओढील. घरचं असेल तर दुसऱ्याने घालावं. आणि दुसरा कोण? आबांनी ते शिकवलं होतं फक्त गौरेशला.

"नेम आसा," आबा जाळ्याकडे बघत म्हणाले.

"नेम! मगे मी घालतंय. माका येता. तुमच्या झिलान माझ्याच म्होरे घोकल्यान हा ता. मी मासे साफ करी आणि 'व्हय म्हाराजा' म्हणी." ती कमरेवर हात ठेवून ताठ उभी राहिली, आणि सासऱ्यांना टोचावं म्हणूनच, अगदी त्यांच्याच चालीवर सुरू झाली.

"बा देवा म्हाराजा… ह्या बंदराच्या, ह्या दर्याच्या, ह्या वाडीच्या राखणदारा…"

थांबली. आबांची सुई जाळ्यात चालूच.

"आज तारींच्या सुनेन तुझ्या पायाकडे गाऱ्हाणां घातल्यान हा… ज्यांनी आमच्या माणसाक पाण्यात ठेवल्यानी, आणि वर तेच्याच माथ्यार खापर फोडल्यानी… तेंचा तोंड उघडां पाड रे म्हाराजा…"

थांबली. आबांनी जाळं खाली ठेवलं आणि ते आत निघून गेले. हर्षाली पाय आपटत बाकाकडे वळली, लॅपटॉप मिटायला. वर्तुळ हिरवं होतं. तिच्या डोळ्यांदेखत ते पिवळं झालं आणि मग लाल.

ती तशीच बसून राहिली. मग पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा गाऱ्हाणं घातलं, या वेळी एक डोळा पडद्यावर ठेवून. हिरवं. शिव्या होत्या, शाप होते, 'तेंच्या चक्कीची पाती मोडून पडांदेत' इथपर्यंत ती गेली, तरी हिरवं.

यात देवाचा हात असेल तर असो, पण शरीराचा नक्की होता. गाऱ्हाण्याची वाक्यं लांब आणि सावकाश असतात, म्हणजे श्वास हळूहळू बाहेर जातो. मग उत्तरासाठी थांबायचं, तेवढ्यात तो पुरा आत येतो. अशा लयीत श्वास चालला की काळजाचे ठोकेही त्याच्याबरोबर भरती-ओहोटीसारखे वरखाली होतात. यंत्राला शिकवलं होतं, की असे ठोके म्हणजे स्वस्थ माणूस. आत काय जळतंय हे त्याला दिसत नव्हतं. गावाने आपला राग देवापुढे मांडण्यासाठी ही चाल कधी घडवली कोण जाणे, पण राग न सोडता श्वास ताब्यात ठेवायची विद्या तिच्यात होती.

*

शनिवारी दुपारी तिने सुलूकाकीला खळ्याबाहेर पिटाळलं. चौकटीत दुसरा चेहरा नको होता. आबा माजघरात भिंतीला टेकून बसले होते. दार अर्धं उघडं होतं आणि त्यातून त्यांचे पाय तेवढे दिसत होते.

"बा देवा म्हाराजा…" तिने सुरुवात केली. उत्तराच्या जागी ती मनातच 'व्हय म्हाराजा' म्हणत होती. तिसऱ्या वाक्याला पडद्याची कड हिरवी झाली आणि चित्र सुरू झालं.

पाणी. हिरवट, गढूळ. गौरेशचे हात. अंगठ्याजवळ कालवाने कापल्याचा जुना वण असलेले, तिचे ओळखीचे हात. आणि मग त्याचा आवाज.

"वर घेवा माका. नळी अडाकली हा. हवा कमी येता."

वरून एक आवाज आला, "तारी, पाच मिनिटं. साहेब लोक आलेत, चक्कीबरोबर फोटो चाललेत. क्रेन आत्ता मध्ये आणता येत नाही. शांत राहा."

"शांतच आसंय, सायबा. पण हवा येणा नाय."

"शांत राहा म्हटलं ना. घाबरलं की हवा जास्त लागते."

फोटो! पडद्याची कड पिवळी झाली. हर्षालीला वाटलं, आपलं डोकं फुटेल. ओरडली तर चित्र मिटणार, आणि हरकतीचं बटण तर चित्र शेवटपर्यंत बघितल्यावरच येणार होतं. हे कुलूप पुन्हा उघडायला उद्या होता, पण हरकतीला उद्या नव्हता. तिने नखं तळहातात रुतवली आणि वाक्य शोधू लागली. वाक्य सापडेना. पाठ असलेलं सगळं गाऱ्हाणं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं.

तेवढ्यात पाण्याखालून ते आलं.

"बा देवा म्हाराजा…" गौरेश म्हणत होता. हळू, लांब, अगदी शिकवल्याप्रमाणे. त्यालाही ठाऊक होतं, या चालीत हवा पुरते. "ह्या दर्याच्या राखणदारा…"

तो थांबला. घोकताना थांबायचा तसा, उत्तरासाठी. वरून कोणी उत्तर दिलं नाही. कोणीतरी हसल्याचा आवाज तेवढा आला.

"तुझ्या पोराक हवा कमी पडता हा… वरच्यांच्या कानार घाल रे म्हाराजा…"

तो पुन्हा थांबला. बुडबुड्यांचा आवाज. कड पिवळ्याची तांबडी होऊ लागली.

"व्हय म्हाराजा."

आवाज माजघरातून आला. फाटका, म्हातारा, पण धक्क्यावर शंभर माणसांत ऐकू जायचा तसाच. यंत्राने तो ऐकला असणारच. पण तो दरडावत नव्हता, काही उघडायला सांगत नव्हता. तो फक्त होकार देत होता, आणि होकाराची भीती त्याला शिकवलेली नव्हती.

हर्षालीचा श्वास आत आला. गौरेशने वाक्य म्हणावं, तो थांबावा, आणि बापाने दाराआडून उत्तर द्यावं. महिनाभर उशिराने. वाक्यं लहान होत गेली. मधलं थांबणं लांबत गेलं. एकदाही तो किंचाळला नाही, एकदाही त्याने नळीला हात लावला नाही. शेवटी नुसतं "बा देवा" आलं, आणि पुढचं आलं नाही.

"व्हय म्हाराजा," आबा म्हणाले. आणि नेम मोडलेला तो म्हातारा, आता मोडलाच आहे तर, असं म्हटल्यासारखा पुढचं वाक्य स्वतःच घालू लागला. या वेळी 'व्हय म्हाराजा' हर्षालीने म्हटलं. कड हिरवी राहिली.

चित्र संपलं. बटण आलं. 'आपली हरकत थोडक्यात सांगा.' तिने एक एक शब्द मोजून सांगितलं, "माझो घोव घाबराक नाय. तेना वर घेवा म्हणून सांगल्यान. तुमी फोटो काढीत होतास." आणि तिने बटण दाबलं. 'हरकत नोंदवली गेली,' अशी अक्षरं तिने दोनदा वाचली.

मग तिने तोंड उघडलं आणि जी किंकाळी फोडली, ती धक्क्यापर्यंत ऐकू गेली. "आपण सध्या तणावाखाली आहात असे दिसते," यंत्र म्हणालं आणि कमळ उमललं. त्याच्याकडे बघायला घरात कोणाला वेळ नव्हता. आबा उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखे रडत होते आणि ती त्यांच्या शेजारी बसून भिंतीवर मुठी आपटत होती.

*

सोमवारी अन्विता देवधरांचा फोन आला. आवाजातला पाक थोडा पातळ झाला होता.

"हर्षालीताई, हरकत आल्याचं कळलं. प्रक्रिया आता होईलच. पण निदान तुम्हाला पाहता आलं. आता तरी मन शांत झालं असेल."

"शांत?" हर्षाली म्हणाली. "बाई, माका आत्ता खरो राग इलो हा. इतके दिस नुसतो संशय होतो. आता तुमी सांगा, ती दुसरी घरां, जेंनी शांतपणान स्वीकारल्यानी म्हणतास, तेंतल्या किती जणांची फाईल उघडली?"

पलीकडे कळफलक खडखडला.

"ती माहिती गोपनीय आहे," मग बाई म्हणाल्या.

"ऱ्हवांदे. दर्यात कोण गेलो आणि परत येवक नाय, ता बंदरार सगळ्यांका म्हायत असता."

तिने फोन ठेवला. आबांनी टोपी घातली होती. एका हातात नारळाची पिशवी होती आणि बचत गटाचा लॅपटॉप त्यांनी काखेत मारला होता. जाळं बाकावर अर्धवट पडलं होतं.

"खंय जावया पयल्यान?" त्यांनी विचारलं.

हर्षालीने पायात चपला सरकवल्या.

"ज्या घरात सगळ्यात जास्ती आरडाओरड असात," ती म्हणाली, "थंय."